गाडीला डोस देणाऱ्या शिस्टर

माझ्या गॅरेजातून काम झालं की गिऱ्हाईक पळतं. चावी फिरवली, रिव्हर्स टाकला, निघालं. काम झाल्यावर अर्धा तास बाकावर बसून राहणारं गिऱ्हाईक मी एकच बघितलं. वलवणच्या शिस्टर. गाडीला काहीही नवीन लावलं की त्या इंजिन चालू ठेवायच्या, दार उघडं टाकायच्या आणि बाकावर बसून घड्याळात बघत राहायच्या. पहिल्यांदा मला वाटलं, बाईंना कुणीतरी न्यायला येणार असेल. विचारलं तर म्हणाल्या, "सुई टोचल्यावर बाळाला लगेच घरी सोडतात का, सुदामभाऊ? अर्धा तास बघायचं. काही रिअ‍ॅक्शन आलीच तर डॉक्टर जवळ असलेला बरा." डॉक्टर म्हणजे मी. हातात ग्रीसचा डबा आणि कानाला लावलेली पेन्सिल.

त्यांचं नाव विमल गायकवाड, पण ते फक्त पगारपत्रकावर. पवन मावळात त्यांनी तीस-बत्तीस वर्षं आरोग्यसेविकेची नोकरी केली. तिकोणा पेठेच्या आसपासच्या सगळ्या वाड्यावस्त्या खांद्याला लशीचा डबा अडकवून पायी पालथ्या घातल्या. बुटकी, काटकुळी बाई, गळ्यात दोरीला बांधलेला चष्मा, साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. आवाज कधी चढायचा नाही. माझ्या दोन्ही मुलींना त्यांनीच टोचलंय. थोरली आता कॉलेजात जाते, तरी शिस्टर रस्त्यात दिसल्या की तिचा हात आपोआप मांडीवर जातो.

रिटायर झाल्यावर माणसं काय करतात? फ्लॅट बघतात, गुडघे दाखवून येतात, चारधाम करतात. शिस्टरनी कोरा करकरीत पिकअप ट्रक घेतला, तोही चारी चाकांना ताकद जाणारा. वलवणमध्ये आठवडाभर दुसरा विषय नव्हता. त्या गाडी चालवायला शिकल्या होत्या तेही रागातून. लसीकरणाच्या दिवशी सरकारी जीपचा ड्रायव्हर आला नाही, एकदा नाही, तीनदा आला नाही. चौथ्या वेळी तो आला तेव्हा त्याला बाजूच्या सीटवर बसवून म्हणाल्या, "आता शिकवा." ही गोष्ट त्यांच्या पन्नाशीतली.

तर ती गाडी दारात उभी राहिली तेव्हा, खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडाला पाणी सुटलं. लोणावळ्यात शनिवार-रविवारी शहरातले लोक राक्षसी टायरांच्या गाड्या घेऊन येतात, मुद्दाम चिखलात घालतात, फोटो काढतात आणि सोमवारी माझ्याकडे रडत येतात. त्यांच्यावरच माझं गॅरेज चालतं. मी शिस्टरना एका दमात सगळं सांगून टाकलं. गाडी चार इंच उचलू, पुढं लोखंडी गार्ड लावू, स्वतःला ओढून काढायला विंच बसवू, छतावर लाइटची पट्टी, हवा घ्यायला वर काढलेला पाइप. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग पर्समधून एक जाड पिवळा कागद काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

ते गाडीचं लसीकरणाचं कार्ड होतं. स्केचपेननं आखलेलं. वरती नाव, जन्मतारीख, जन्मवजन. खाली रकाने: डोस, तारीख, वजन, प्रतिक्रिया, पुढची तारीख. जन्मवजनाचा रकाना रिकामा होता, म्हणून आधी गाडी हायवेजवळच्या वजनकाट्यावर न्यायची होती. मी म्हटलं, कंपनीच्या पुस्तकात वजन छापलेलं असतं. तर म्हणाल्या, "आईनं सांगितलेलं वजन मी कधी लिहिलं नाही. काट्यावर ठेवूनच लिहिलं." काट्यावरचा माणूस विचारायला लागला, माल काय आहे? शिस्टर म्हणाल्या, "काही नाही. बाळ आहे."

त्यांचा नियम असा. पहिले दोन महिने गाडीला काही लावायचं नाही, नुसती चालवायची. त्याला त्या झिरो डोस म्हणायच्या. मग एका वेळी एकच गोष्ट, आणि दोन गोष्टींमध्ये किमान महिना. मी किती समजावलं असेल. एकदम केलं तर मजुरी वाचते, गाडी एकदाच खोलावी लागते. त्यांचं उत्तर ठरलेलं. "दोन नवीन औषधं एकदम दिली आणि अंगावर पुरळ आलं, तर कुठल्या औषधाला दोष देणार?" माझी यादी घेऊन त्या स्वतः आरटीओत गेल्या, तिथल्या साहेबांसमोर दोन तास बसल्या आणि यादी परत घेऊन आल्या तेव्हा तिच्यातल्या निम्म्या गोष्टींवर लाल रेघ होती. लोखंडी गार्ड गेला, लाइटची पट्टी गेली, चार इंचाचा एक इंच झाला. "कायद्यात बसत नाही ते कार्डात बसत नाही," म्हणाल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. माझा चेहरा पडला असणार, कारण त्या दिवशी चहा त्यांनी पाजला.

हे सगळं कशासाठी, ते मला मुद्दाम असं त्यांनी सांगितलं नाही. दुसऱ्या महिन्यात मीच त्यांच्याबरोबर गेलो तेव्हा कळलं.

पवना धरणाच्या वरच्या अंगाला, डांबरी रस्ता संपतो तिथून दीड किलोमीटर चढावर एक वाडी आहे. पंधरा-सोळा घरं, म्हशी आणि वारा. मधे एक ओढा आणि तीन वळणं. दुसऱ्या वळणावर जमिनीतून वर आलेला एक खडक, तो कुणी फोडू शकलेलं नाही. अ‍ॅम्ब्युलन्स खालीच थांबते. त्या वाडीत हिराबाई राहायची. सत्तरीची, पूर्वीची दाई. शिस्टरच्या आधी त्या खोऱ्यातली बाळंतपणं तिच्या हातची, आणि शिस्टर आल्यावर दोघींच्या. हिराबाईच्या किडन्या निकामी झाल्या होत्या. आठवड्यातून दोनदा, सोमवारी आणि गुरुवारी, तिला लोणावळ्याला हॉस्पिटलात मशीनवर रक्त साफ करून घ्यावं लागायचं. एवढं चुकत गेलं तर आठ-दहा दिवसांत माणूस फुगतो, दम लागतो, संपतो. मुलगा-सून म्हणाले, खाली लोणावळ्यात खोली घेऊ. हिराबाई म्हणाली, "म्या खाली ऱ्हायाची न्हाई. न्ह्यायचं तर न्ह्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या." यावर पुढं बोलणं नाही.

कोरड्या दिवसांत ती गाडी आहे तशी वर जात होती. प्रश्न पावसाळ्याचा होता. चार महिने तो चढ म्हणजे साबण. गाडी चढली नाही तर हिराबाईला एकतर घर सोडावं लागणार, नाहीतर उपचार. शिस्टरना यातलं काहीच होऊ द्यायचं नव्हतं. एवढा साधा हिशेब होता आणि त्यासाठी ते पिवळं कार्ड होतं.

त्यात अजून एक मेख. आम्हा लोकांना गाडी चढली की झालं. शिस्टरना चढताना ती हादरायला नको होती. मशीनवरून उतरलेल्या माणसाचं ब्लडप्रेशर खाली गेलेलं असतं, आणि हिराबाईच्या डाव्या हातावर सुया घालण्यासाठी ऑपरेशन करून जाड केलेली शीर होती. त्या हाताला धक्का लागला तर सगळंच अवघड. म्हणून शिस्टर बाजूच्या सीटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला तांब्या ठेवायच्या, त्याला उशांचा आधार द्यायच्या आणि चढ चढून यायच्या. वर पोचल्यावर तांब्यात किती उरलं ते पट्टीनं मोजून कार्डात लिहायच्या. कोऱ्या गाडीत निम्मा तांब्या उरायचा. पहिला डोस म्हणजे चिखलात पकड घेणारे टायर. ते घातल्यावर आणि हवा थोडी कमी केल्यावर पाऊण उरायला लागला. शिस्टर खूश झाल्या, म्हणजे अर्धं बिस्किट जास्त खाल्लं.

मग एके दिवशी त्या गॅरेजात आल्या आणि म्हणाल्या, "सुदामभाऊ, मागं वजन असलं की गाडी शांत चालते का हो?" चालतेच. मालवाहू गाडीचे पाटे, म्हणजे मागच्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, वजनासाठी बनवलेले असतात, रिकामी असली की टणाटण उडते. मी म्हटलं, वाळूची पोती टाका. त्या तिथंच बसून विचार करत राहिल्या. पुढच्या खेपेला बघतो तर मागं वाडीच्या दुधाच्या किटल्या. दूध घालायला वाडीची माणसं पहाटे किटल्या मोटरसायकलला लटकवून खाली जायची, निसरड्यात पडायची, निम्मं दूध ओढ्याला जायचं. शिस्टरनी सगळ्यांना निरोप दिला, सोमवार-गुरुवार दूध माझ्या गाडीत. येताना पेंडीची पोती, गॅसच्या टाक्या. वाडीला वाटलं, काय ही माया. शिस्टरना वजन पाहिजे होतं. हिराबाईला बरोबर कळलं होतं. मला म्हणाली, "दूध माज्यासाटी चाललंय खाली, आन ह्ये ल्वाक हिचं पाय धरत्यात."

आता माझा पराक्रम सांगतो. सांगायला बरं वाटत नाही, पण सांगितल्याशिवाय शिस्टर कोण होत्या ते कळायचं नाही.

मे महिना संपत आला होता. गुरुवारची खेप करून शिस्टर मुलीकडे नाशिकला चार दिवस गेल्या आणि गाडी माझ्याकडे सोपवून गेल्या. कार्डावर दुसरा डोस होता: इंजिन आणि गिअरबॉक्सच्या पोटाखाली लोखंडी पत्रा, म्हणजे खडकावर पोट घासलं तरी तेल सांडायला नको. तेवढंच करायचं होतं. मला वाटलं, पाऊस तोंडावर आलाय, या बाईंचे महिने मोजत बसलो तर श्रावण उजाडेल. मी पत्रा तर लावलाच, तिसऱ्या डोसातले शॉकअ‍ॅब्सॉर्बर पण बदलले, पाट्यांमध्ये एक जादा पाटा घातला आणि वर आपल्या मनानं चाकांमागं लोखंडी चकत्या टाकल्या. एका शनिवारवाल्या गिऱ्हाइकानं त्या माझ्याकडे सोडून दिल्या होत्या. चाकं बाहेर आली, गाडी काय रुबाबदार दिसायला लागली. मी रविवारी दुपारी ती पुसून उभी केली आणि शिस्टरच्या तोंडाकडे बघायला तयार झालो.

शिस्टर आल्या, गाडी घेऊन वलवण धरणापर्यंत जाऊन आल्या. चाळीसच्या पुढं स्टेअरिंग थरथरत होतं. पोटाखालून घोंघावण्याचा आवाज येत होता. ब्रेक मारला की गाडी डावीकडे ओढत होती. त्या बाकावर बसल्या, पूर्ण अर्धा तास. मग कार्ड काढलं आणि प्रतिक्रियेच्या रकान्यात लिहिलं, "कारण कळत नाही." मला विचारलं, "कशामुळे होतंय?" मी आपला पाना घेऊन खाली शिरलो, बाहेर आलो, परत शिरलो. मलाही कळत नव्हतं. चार गोष्टी एकदम बदलल्यावर कुणाला कळणार?

"सगळं काढून एकेक परत लावायला किती दिवस?"

"पाच तरी."

"म्हणजे सोमवार पण गेला आणि गुरुवार पण." त्यांनी कार्ड पर्समध्ये ठेवलं. मी शिव्या खायची तयारी केली होती. त्या म्हणाल्या, "उद्या सकाळी सहाला वाडीवर या. खुर्चीला चौथा माणूस कमी आहे."

गाडी यायच्या आधी हिराबाईला खाली आणायचे ते असं: प्लास्टिकची खुर्ची, तिला दोन बांबू बांधलेले, आणि खांदा द्यायला चार माणसं. पुढं हिराबाईचा मुलगा आणि एक शेजारी, मागं दुसरा शेजारी आणि मी. हिराबाई तशी चिमणीएवढी, पण उतारावर मागच्याला वजन वेगळंच लागतं. शिस्टर बाजूनं चालत होत्या, हिराबाईचा डावा हात आपल्या दोन्ही हातांत धरून. मी पन्नास पावलांत धापा टाकायला लागलो. वरून आवाज आला, "ह्यो कोन रं, इंजनावानी वाफ सोडतोय?"

"गाडीचे डॉक्टर आहेत, मावशी," शिस्टर म्हणाल्या.

"आगं बया. मग ह्येंलाच आदी मशीनवर घाल."

दुसऱ्या वळणावर खडकापाशी खुर्ची टेकवली. माझ्या अंगठ्याला ठेच लागून नख निघालं होतं. हिराबाईनं ते बघितलं आणि मला जवळ बसायला सांगितलं. मग कुणी विचारलं नसताना बोलायला लागली. "ही पैल्यांदा आमच्यात आली न्हवं, तवा म्या हिला घरात घ्येतली न्हाई. तीन म्हैनं वट्यावर बसायची. पानी बी वरनं वतायचे मी हिच्या वंजळीत. हिची जात कंची, आमची कंची, तसलं व्हतं तवा. वर आन बाळातपन म्हंजी माजं काम, ही कोन टीचभर पोरगी टोचनारी? ही रोज यायची, बसायची, जायाची. एकदा मला म्हनली, मावशी, तुज्या हाताला जे कळतंय ते माज्या पुस्तकात न्हाई, मला शिकीव. तवा मला माजीच लाज वाटली. म्या हिला घरात घ्येतली आन माज्या कपात चा दिला."

"मावशी, जुनं उगाळू नका. बीपी वाढतंय," शिस्टर म्हणाल्या.

"वाढू दे की. आज मशीनवर जायाचंच हाय."

त्या दिवशी आम्ही खाली पोचलो तेव्हा दीड तास उशीर झाला होता. हॉस्पिटलात पुढच्या पेशंटची वेळ ठरलेली असते, मशीन कुणासाठी थांबत नाही. हिराबाईला चार तासांऐवजी अडीच तास मिळाले. गुरुवारी मी परत खुर्चीला खांदा द्यायला गेलो तेव्हा तिचे पाय बघितले. घोट्याला बोट लावलं की खड्डा पडत होता. तो माझ्यामुळे होता. मला इतकी लाज वाटली की मी शिस्टरना तोंडानं म्हणूही शकलो नाही, चुकलं. त्यांना ते कळलं असावं, कारण परत येताना त्यांनी माझ्या अंगठ्याची पट्टी बदलून दिली आणि धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं होतं ते विचारलं.

मी सगळं उतरवलं. मग एकेक लावत गेलो, प्रत्येकानंतर धरणापर्यंत चक्कर, प्रत्येकानंतर अर्धा तास बाक. थरथर होती ती त्या चकत्यांची, ओढ होती जादा पाट्याची, आवाज होता पत्र्याचा. चकत्या मी भंगारात दिल्या, पाटाही काढला, शॉकअ‍ॅब्सॉर्बर त्यांच्या तारखेपर्यंत फळीवर ठेवले. पोटाखालचा पत्रा मात्र नवीन केला, कारण खुर्ची खांद्यावर घेऊन दोनदा तो चढ उतरल्यावर दगड कुठं आहे आणि किती वर आहे ते आता माझ्या पायाला माहीत होतं. आधीचा पत्रा मी पुस्तकात बघून कापला होता. हा एक वीत लांब केला.

पाऊस सुरू झाला आणि गाडी जायला लागली. पहिल्या दिवशी मी डांबरी रस्त्याच्या टोकाला छत्री घेऊन उभा होतो. दीड तास उभा होतो. मग तिसऱ्या वळणावर दिवे दिसले. गाडी इतकी हळू येत होती की तिच्यापुढं एक कुत्रं आरामात चालत होतं. शिस्टरनी काच खाली केली आणि मला रिकामा तांब्या दाखवला. मी घाबरलो. म्हणाल्या, "सांडलं नाही. मावशींनी गाडी सुटायच्या आधीच तुळशीला घालून टाकलं." हिराबाई शेजारी बसून पानाला चुना लावत होती, हलत्या गाडीत. तांब्यापेक्षा ती चाचणी मोठी होती असं मी अजून मानतो.

तिसरा डोस, ते शॉकअ‍ॅब्सॉर्बर, भर पावसात वेळेवर झाला. चौथ्या डोसाला विंच होता. तो रकाना रिकामाच राहिला. मी दर महिन्याला विचारायचो, शिस्टर म्हणायच्या, "बाळ बरं असताना औषध नाही." आणि खरं सांगायचं तर दुधानं तो प्रश्न सोडवला होता. गाडी अडली की वाडीचं दूध अडणार होतं, म्हणून दिवाळीनंतर वाडीच्या लोकांनीच ओढ्यात दगड रचले, दुसऱ्या वळणाला मुरूम टाकला. मी गाडी घडवत होतो आणि रस्ता आपोआप घडत गेला. शिस्टर त्यांना कधी रस्ता करा म्हणाल्या नव्हत्या. त्या एवढंच म्हणायच्या, "गुरुवारी किटल्या जरा लवकर आणा."

दोन पावसाळे गेले. एक झाड आडवं पडलं म्हणून दोन तास उशीर झाला तेवढाच, बाकी एकही पाळी चुकली नाही. या काळात मी शिस्टरकडून गाड्यांबद्दल जे शिकलो ते माझ्या उस्तादानं मला शिकवलं नव्हतं. आता शनिवारवाला कुणी नवी गाडी घेऊन येतो आणि सगळं एका दिवसात लावून मागतो, तेव्हा मी त्याला आधी वजनकाट्यावर पाठवतो. बरेच जण परत येत नाहीत. बायको म्हणते, गिऱ्हाईक घालवायचा डोस बरा मिळालाय तुम्हाला.

शिस्टर आता नाशिकला मुलीकडे असतात. गाडी त्यांनी वाडीलाच देऊन टाकली, ती अजून दूध नेते आणि सर्व्हिसिंगला माझ्याकडे येते. फोनवर त्या माझ्याआधी गाडीची चौकशी करतात. पण डोळ्यांपुढं येतात त्या एका गुरुवारच्या. दुसऱ्या पावसाळ्यानंतरचा फेब्रुवारी होता. चढावर मागून कुईकुई आवाज येतोय असं शिस्टर म्हणत होत्या, म्हणून ऐकायला मी बरोबर गेलो होतो. आम्ही आठच्या सुमाराला वर पोचलो.

हिराबाई ओट्यावर बसली होती. अंघोळ झालेली, केस विंचरलेले, हिरवं कोरं लुगडं. दर वेळी शेजारी हॉस्पिटलची पिशवी भरून ठेवलेली असायची, ती दिसली नाही. मुलगा गोठ्याच्या दाराशी आमच्याकडे पाठ करून उभा होता.

"मावशी, पिशवी?"

"पिशवी न्हाई. आज यायाची न्हाई म्या. सोमवारी बी न्हाई."

शिस्टर बूट काढून तिच्या शेजारी बसल्या, ब्लडप्रेशर बघितलं, पाय दाबून बघितले. मग विचारलं. "दमलात म्हणून म्हणताय का? आज आराम करू, उद्याची पाळी मागून घेते." हिराबाईनं मान हलवली. थोड्या वेळानं शिस्टरनी तिचा हात हातात घेऊन सरळ सांगितलं, मुलालाही ऐकू जाईल असं. मशीन बंद केलं की अंगाला सूज येईल, दम लागेल, मग झोपच येत राहील, आठ-दहा दिवस. हे माहीत असून नाही म्हणताय ना? "ठावं हाय. लय जनींचं बघितलंय म्या. तू बी बघितलंस." सुनेनं चहा आणला.  कप खाली ठेवल्यावर शिस्टरनी तिसऱ्यांदा विचारलं, अगदी हळू, "नक्की का, मावशी?"

"व्हय गं. दोन वर्सं माज्या घरात ऱ्हायले ना, लय झालं. मला काय तरास झाला तर तू हायेस की."

शिस्टरनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत राहिल्या. काचा कधीच स्वच्छ झाल्या होत्या. माझ्या आत राग उसळून आला होता, कुणावर ते कळेना. दोन वर्षं मी त्या गाडीच्या पोटाखाली झोपलो होतो, आणि ही म्हातारी म्हणते, बास.

हिराबाईनं माझ्याकडे बघितलं, मग गाडीकडे. "शिष्टर, तुज्या गाडीचं लय नाव हाय. कुटं बी चढती म्हंत्यात. मला तर सारकी खालीच न्हेतीस. कवा वर न्हेलीस का?"

"वर कुठे?"

तिनं हनुवटीनं घरामागचं पठार दाखवलं. वाळलेलं पिवळं गवत, मधे काळे दगड, वाट अशी नाहीच. "पोरगी व्हते तवा म्हसरं घिऊन जायाचे थितं. गुडगं गेल्यापास्नं न्हाई गेले. तळं दिसतं, तिकोना दिसतो. समदं दिसतं."

शिस्टर उठल्या, अंगणाच्या कडेला जाऊन तो चढ नीट बघितला. नंतर माझ्याकडे वळल्या. दोन वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदाच असा प्रश्न विचारला. "जाईल का, सुदामभाऊ?"

"जाईल," मी म्हटलं. मला खात्री होती.

मी आणि मुलानं हिराबाईला उचलून सीटवर बसवलं. तिनं पदर डोक्यावरून घेतला, खिडकीची कड धरली आणि समोर बघितलं. शिस्टरनी चारी चाकं लावली, पहिला गिअर टाकला. निघता निघता काच खाली करून मला म्हणाल्या, "तेवढा हॉस्पिटलला फोन करा. आपलं मशीन रिकामं आहे म्हणावं, थांबलेल्या कुणाला तरी बोलवून घ्या."

गाडी गवतात शिरली. एका दगडाला वळसा, दुसऱ्याला वळसा, कुठं घाई नाही. मी ओट्यावर उभा राहून फोन लावला. पलीकडच्या मुलीनं नाव विचारलं, लिहून घेतलं, आणि आवाज बदलून म्हणाली, "पेशंट जास्त सिरियस आहेत का?"

गाडी तेव्हा पठाराच्या माथ्याला लागली होती. आत दोन डोकी दिसत होती, एकमेकींकडे वळलेली.

"नाही," मी म्हटलं. "पेशंट फिरायला गेल्यात."